भुयारातले रसिक

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातला किल्ला अर्धाच राहिला. दरवर्षी धाकटी बहीण भाऊबीजेसाठी मुलांना घेऊन पुण्याहून येते, आणि ती येण्यापूर्वी मी काळी माती, विटांचे तुकडे आणि जुनी पोती गोळा करून ठेवतो. मी चित्रकलेचा मास्तर. तेव्हा किल्ला हा माझा सालाबादचा मान. भाचा नववीत, भाची तिसरीत. तटबंदी उभी राहिली, अळीव पेरून झाले, महाराज सिंहासनावर बसले. गुहा तेवढी कोरायची राहिली होती, तोच भाचा हात धुऊन आत गेला तो परत आलाच नाही. जाऊन पाहतो तो स्वारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. पडद्यावर दगडी भिंती, भिंतींवर मशाली, आणि समोर काळोखात वळत गेलेली वाट.

"अंगणात खरे भुयार खणायचे सोडून हे खोटे काय खणतोस?" मी ओरडलो.

तो मान वर न करता म्हणाला, "मामा, तुमच्या भुयाराला दुसऱ्या बाजूला तोंडच नसतं. ह्याला आहे. फक्त कुठे आहे ते सापडत नाहीये."

मी गप्प झालो. खरे सांगायचे तर मला राग आला होता. पण पोरगे खोटे बोलत नव्हते. वीस वर्षे मी अंगणातल्या किल्ल्याला गुहा करीत आलो, ती पावशेर माती उकरून केलेली खळगी. तिच्यात वाघ बसवायचा आणि पुढे जायचे. ती गुहा पाहण्यासाठी होती. कोणी तिच्यातून जावे, अशी माझी कल्पनाच नव्हती. मी निमूटपणे त्याच्याशेजारी बसलो. फराळाची ताटे येऊन निवाली, बहिणीने दोनदा हाक मारली, आणि दिवेलागणीला आम्ही मामा-भाचे दोघेही त्या भुयाराच्या तिसऱ्या मजल्यावर एका बंद दाराशी डोके खाजवीत बसलो होतो.

त्यानंतरच्या वर्षभरात मी ह्या जातीचे खेळ पाहिले, थोडेफार खेळलो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खेळणाऱ्यांचे बोलणे ऐकले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर चित्रकलेच्या परीक्षा आणि दोन-तीन कादंबऱ्या. संगणकातले मला काही कळत नाही. परंतु माणूस एखाद्या कलाकृतीविषयी बोलू लागला, की तो काय बोलतो आहे एवढे ओळखण्याची सवय मला आहे. ह्या पोरांचे बोलणे ऐकताना मला वारंवार वाटले, की आपण ज्याला समीक्षा म्हणतो ती हीच. आपल्याकडे ती व्यासपीठावरून होते, इथे ती शिव्या देत होते, एवढाच काय तो फरक.

*

ज्या वाचकांच्या घरी अशी पोरे नसतील, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. ह्या खेळांत दोन कुळे आहेत: एक कोड्यांचे, दुसरे भुयारांचे. पुष्कळदा त्यांची सोयरीकही होते.

भुयारांचे कूळ जुने आहे. १९८० साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तरुण पोरांनी 'रोग' नावाचा खेळ केला. त्यात चित्रे नव्हतीच. टंकलेखन यंत्रावरची अक्षरे आणि खुणा हीच भिंत, हाच राक्षस आणि हाच आपला वीर. सव्विसाव्या तळघरात एक ताईत आहे, तो घेऊन वर यायचे. दर वेळी भुयार नवे. आणि मेलात, की मेलात. पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ. पुढे १९८७ साली 'डंजन मास्टर' आला. त्यात आपण भुयाराचा नकाशा वरून पाहत नाही, तर आत उभे राहून समोरची भिंत पाहतो. त्याच वळणावर २०१२ साली फिनलंडमधल्या मोजक्या माणसांनी 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक' काढला. चार कैदी एका डोंगराच्या माथ्यावरून आत ढकलले जातात, आणि त्यांनी खाली खाली जात बाहेरची वाट शोधायची. माझा भाचा जिथे अडकला होता तो हाच.

कोड्यांच्या कुळातली दोन नावे सांगतो. २०१६ सालचा 'द विटनेस': एक निर्जन बेट, त्यावर पाचशेहून अधिक कोडी, आणि संबंध खेळात नियम समजावून सांगणारा एक शब्द नाही. पहिले कोडे सोडवले, की त्यातूनच दुसऱ्याचा नियम कळतो. आणि २०१९ सालचा 'बाबा इज यू', हाही फिनलंडमधल्या एका तरुणाचा. हा मला विशेष आवडला, कारण तो व्याकरणाचा खेळ आहे. पटावर शब्दांचे ठोकळे पडलेले असतात. 'भिंत', 'म्हणजे', 'अडथळा' असे तीन ठोकळे एका ओळीत असले, तर भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा ढकलून बाजूला करा. वाक्य मोडले, आणि भिंतीतून खुशाल चालत जा! आमच्या शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला अशी भिंत एकदा जरी हलली असती, तर प्रयोग ओळखण्याच्या प्रश्नाला मुले इतकी भ्याली नसती.

हे खेळ करणारे बहुधा लहान असतात. मोठी भांडवलदार कंपनी नाही. दोनचार मित्र, एखादे भाड्याचे घर, आणि चार-पाच वर्षांची उपासमार. त्यांना 'इंडी', म्हणजे स्वतंत्र, म्हणतात. १९६० च्या आसपास आपल्याकडे लघुनियतकालिके निघाली, त्यांची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. तोच हट्ट, तोच पदरमोडीचा व्यवहार, आणि बाजाराला न विचारता आपल्याला हवे ते करण्याची तीच मिजास.

*

आता आपल्या घरच्या लेकीकडे वळतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' ह्या छोट्या मंडळीने २०२० साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ काढला. २०१७ मध्ये त्यांनी ह्या खेळासाठी लोकवर्गणीचे आवाहन केले होते. ठरलेली रक्कम जमली नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही, आणि खेळ बाहेर आला त्या वर्षीच जागतिक स्तरावरच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. ह्याचा अभिमान वाटायला संगणक कळावा लागत नाही.

कथा साधी आहे. राजी ही कसरती करणारी पोरगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात. त्याला सोडवायला ती निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे पाहत आपसांत तिची गोष्ट सांगतात. मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ होऊन पूर्वकथा कळते. बहीण भावाला सोडवायला निघते, ही गोष्ट मी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पाहिली, आणि माझी बहीण मागे उभी राहून तीच पाहत होती. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

चित्रकलेचा मास्तर म्हणून मी प्रथम चित्रांविषयी बोलतो. राजस्थानी वाड्यांचे सज्जे, कमानी, पाण्यात पडलेली तळपती प्रतिबिंबे हे सारे देखणे आहेच; पण खरी खुबी दुसरीच आहे. पाहणाऱ्याचा डोळा इथे उंचावर आणि दूर ठेवला आहे. राजी आपल्याला नखाएवढी दिसते, आणि तिच्याभोवतीचा महाल अफाट. आपल्या लघुचित्रांत असेच असते: माणूस लहान, वास्तू मोठी, आणि पाहणारा कुठल्याशा गच्चीवरून पाहत असल्यासारखा. विलायती खेळांत डोळा वीराच्या खांद्यावर बसलेला असतो. वीर मोठा, जग त्याच्यासाठी. 'राजी'त जग मोठे आणि पोरगी त्यातून वाट काढणारी. ज्याने हे योजले त्याने आपली चित्रपरंपरा नुसती पाहिली नाही, ती पचवली आहे.

खेळणाऱ्यांचे मत मात्र एवढ्यावर थांबत नाही. माझ्या भाच्याने दीड दिवसात खेळ संपवला आणि तीन तक्रारी केल्या. पुढे मी अनेकांना विचारले, तेव्हा थोड्याफार फरकाने त्याच तीन तक्रारी निघाल्या. पहिली: लढाया त्याच त्या आहेत. दुसरी: कोडी फार सोपी, चकत्या फिरवून चित्र जुळवायचे, आणि ते कसे जुळणार हे पाहताक्षणीच कळते. तिसरी, आणि सर्वांत कडवट: शेवट एकाएकी येतो. गोष्ट आता कुठे रंगली म्हणावे, तोच पडदा पडतो.

पहिल्या तक्रारीत मी पडत नाही. पडद्यावरच्या लढाईत माझी बोटे दर वेळी माझ्याच विरुद्ध लढली. दुसरी तक्रार मला अर्धीच मान्य आहे. त्या चकत्या जुळल्या म्हणजे जे चित्र पुरे होते, त्यात राजीच्या आठवणी असतात. तिथे कोडे हे कोडे नसून आठवण काढण्याची रीत आहे. आठवण काढायला कोणी अवघड कुलूप घालीत नाही. मात्र खेळणारा त्या जागी बुद्धीची परीक्षा समजून येतो आणि त्याला हळवेपणा मिळतो. तेव्हा तो चिडला तर नवल नाही. पाटीवर 'कोडे' लिहून आत 'स्मरण' वाढले, तर चूक वाढणाऱ्याची आहे, जेवणाऱ्याची नव्हे.

तिसऱ्या तक्रारीने मात्र मला घरी गाठले.

माझ्या दुसऱ्या कादंबरीचा शेवट मी असाच केला होता. नायक स्टँडवर उभा आहे, गाडी येते, आणि कादंबरी संपते. तो गाडीत चढला की नाही, हे मी सांगितले नाही. एका वाचकाचे पोस्टकार्ड आले: "गुरुजी, शेवट सुचला नाही म्हणून थांबलात का?" मी त्या वाचकाला मनातल्या मनात अरसिक ठरवले. सूचकता म्हणून काही असते, सारेच उघड करून सांगायचे नसते, असे लांबलचक उत्तरही लिहिले. सुदैवाने ते टाकले नाही.

'राजी'च्या शेवटाविषयी भाचा बोलत होता, तेव्हा मी त्यालाही सूचकता समजावू लागलो. तो म्हणाला, "मामा, गोष्ट अर्धी ठेवणं वेगळं आणि दार उघडं ठेवणं वेगळं. दार उघडं ठेवलं तर आपण आत जातो. अर्धी ठेवली तर आपण नुसते उभे राहतो." माझा नायक त्या स्टँडवर अजून उभाच आहे, हे मला त्या वेळी कळले. गाडी मी आणली होती, पण त्याने चढावे की नाही हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाला मी सूचकतेचे नाव दिले होते. पोस्टकार्ड लिहिणारा वाचक बरोबर होता.

*

ह्या खेळणाऱ्यांच्या बोलण्यात एक भेद सतत येतो, आणि तो आपल्या साहित्यचर्चेत यावा असे मला वाटते. तो भेद म्हणजे 'कठीण' आणि 'अन्यायी'. कठीण खेळाची ते स्तुती करतात. अन्यायी खेळाला क्षमा करीत नाहीत.

'ग्रिमरॉक'मध्ये दगडी भिंतीवर एखादे इवलेसे बटण असते. दगडाच्याच रंगाचे, डोळ्यांत तेल घालून पाहिले तरच दिसणारे. भाचा त्या बंद दाराशी अडला होता तो अशाच एका बटणापायी. पाऊण तासाने ते सापडले. तो आनंदला नाही, चिडला. "ह्यात डोकं काय लागलं? नुसते डोळे फोडायचे!" पण त्याच खेळात दुसऱ्या दिवशी एक जागा आली. जमिनीतल्या फरशीवर वजन ठेवले की दार उघडते, उचलले की मिटते. तिथे तो तासभर हरला, आणि अखेर युक्ती सुचली तेव्हा कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, हे तर समोरच होतं!"

मला वाटते, सगळी कसोटी ह्या दोन वाक्यांत आहे. उत्तर सापडल्यावर माणूस स्वतःला हसला, तर कोडे चांगले. कोडे रचणाऱ्याला शिव्या दिल्या, तर ते वाईट. चांगल्या कोड्याचे उत्तर आपल्या डोळ्यांसमोर असते; आपण पाहत नसतो, एवढेच. रहस्यकथेला, विनोदाला, फार काय शोकांतिकेलाही हीच कसोटी लावून पाहावी. शेवटी वाचकाने "हे तर समोरच होतं" म्हणावे, "हे कुठून काढलंत?" म्हणू नये.

आपला मोक्षपट, म्हणजे आजची सापशिडी, ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. परंपरा तो ज्ञानदेवांच्या नावावर घालते. पुण्याच्या शिडीने वर जावे, पापाच्या सापाने खाली यावे, ही कल्पना मोठी सुंदर. परंतु खेळणाऱ्याच्या हातात काहीच नसते. जे पडते ते फाशाचे दान. तो खेळ आपल्याला दैव शिकवतो, विचार शिकवीत नाही. भुयाराचे खेळ दैव आणि विचार ह्यांच्या मधल्या पट्टीत राहतात. दान दैवाचे, चाल आपली. म्हणूनच त्यांत हरलेला माणूस तावातावाने वाद घालतो: ही हार माझी की दानाची? सापशिडीत हा वाद कधी होत नाही.

*

आता ज्या माणसाच्या मतासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याच्याविषयी सांगतो. तो माझा जुना विद्यार्थी. हल्ली आमच्या गावात मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. मी फोन दुरुस्तीला घेऊन गेलो, तेव्हा गिऱ्हाईक नव्हते आणि तो स्वतःच्या फोनवर खेळत बसला होता. मास्तरांना पाहून उठला, फोन पालथा घातला. मी म्हटले, "दाखव की." खेळ होता 'पिक्सेल डंजन'. एका रशियन माणसाने २०१२ साली केलेला, फुकट वाटलेला, आणि त्याची घडणही सर्वांना खुली ठेवलेली. त्या जुन्या 'रोग'चाच हा नातू. दर वेळी नवे भुयार, पोटात भूक, अनोळखी रंगांचे काढे: पिऊन पाहिल्याशिवाय औषध की विष ते कळत नाही. आणि मेलात, की पहिल्या मजल्यापासून पुन्हा.

मी विचारले, "इतका कठोर खेळ कशाला खेळतोस? महिनाभराची मेहनत एका चुकीत जाते."

तो हसला. म्हणाला, "सर, कठोर आहे, पण खोटा नाही. मेलो ते माझ्या चुकीनं. आणि एक सांगू का? गिऱ्हाईक आलं की मी ह्यातून कधीबी उठू शकतो. परत येईस्तोर हा जिथल्या तिथं थांबतो. शाळा थांबत नव्हती."

बाहेरच्या वाचकांना हे कळण्यासाठी सांगायला हवे. आमचा बीड जिल्हा ऊसतोडणी कामगारांचा. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला इकडे 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव! पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की ट्रॅक्टर आणि बैलगाड्या संसारासह तिकडे जातात, आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तुम्ही आम्ही आकाशकंदील लावतो, तेव्हा ते पाचटाची कोप उभारीत असतात. ज्यांच्यामागे घर सांभाळणारी आजी असते ती पोरे शाळेत राहतात; बाकीची आईबापांबरोबर जातात. हा मुलगा जाणाऱ्यांतला.

तो परत यायचा तेव्हा माझा वर्ग पुढे गेलेला असे. एका वर्षी परीक्षेला महिना उरला असताना तो आला. मी स्थिरचित्र शिकवीत होतो. त्याला वस्तूची सावली कुठे पडते हे ठाऊक नव्हते; तो धडा दिवाळीनंतर झाला होता. समजावून सांगायला वेळ नव्हता. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि सावली स्वतः काढून दिली. "असं काढ, पास होशील." तो पास झाला. माझी समजूत होती की मी त्याच्यावर उपकार केला.

त्या दिवशी दुकानात त्याच्या पडद्याकडे पाहत असता मला आपण काय केले ते दिसले. त्याचे कोडे मी सोडवून टाकले होते. बाजारात गाइडे मिळतात, अपेक्षित प्रश्नांचे संच मिळतात. त्यांना मी वर्षानुवर्षे नावे ठेवत आलो, आणि स्वतःच एका पोराचे गाइड झालो. शाळेची गाडी त्याच्यासाठी थांबली नाही, हा अन्याय. आणि मी त्याला चालू गाडीत उचलून टाकले, ह्याला मी दया समजलो. त्याला खरे हवे होते ते एवढेच, की धडा जिथे सुटला तिथे कोणीतरी त्याच्यासाठी थांबावे. सावली त्याने स्वतः काढली असती.

ह्या खेळांविषयी जाणकारांत एक मोठा वाद आहे. कित्येक म्हणतात, खेळ कठोरच असावा. सूचना, सवलत, सोपी पायरी हे सारे दुबळ्यांचे चोचले. दुसरे म्हणतात, ज्याला जमत नाही त्याला वाट दाखवा. ह्या दुकानदार पोराने मला तिसरी बाजू दाखवली. कोडे सोपे करू नका, उत्तर सांगू नका. पण माणसाला थांबायला आणि परत यायला जागा ठेवा. कठोरपणा कोड्यात असावा, वेळापत्रकात नसावा. ज्यांना रात्रभर सलग बसता येते, ज्यांच्या घरची वीज जात नाही, ज्यांचा फोन घरातल्या चौघांत वाटलेला नाही, त्यांना हा भेद सुचत नाही. माझ्या विद्यार्थ्याला तो पहिल्याच वाक्यात सुचला. मी त्याच्या मताला मोठमोठ्या जाणकारांच्या मताहून अधिक मान देतो.

*

ह्याचा अर्थ मी ह्या खेळांचा भाट झालो, असे नव्हे. त्यांत मारामारी फार. समोर कोणी दिसला की कापावा, ही सवय कोड्याच्या खेळात नाही, पण भुयाराच्या खेळात मुरलेली आहे. आणि कापलेल्या प्राण्याची गोष्ट काय होती हे कोणी विचारीत नाही. हैदराबादच्या 'ओगर हेड' ह्या मंडळीने २०१७ साली 'असुर' नावाचा खेळ काढला. त्यात आपण असुराच्याच बाजूने उभे असतो. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा ज्या राज्यात होता, त्या राज्याच्या राजधानीतून ही उलटी दृष्टी यावी, ह्याची मला मौज वाटली. तरी कापाकापी चुकली नाहीच. वेळ तर हे खेळ असा खातात, की दुभती म्हैस परवडली.

आणखी एक तक्रार आपल्याच मंडळींविषयी. भारतीय म्हटले, की देव, असुर आणि महाल, एवढेच का? बीड शहराजवळ खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली. जमिनीच्या पोटातल्या नाल्यांतून पाणी येते आणि नाल्यांतूनच शेतांकडे जाते. वर मोटही नाही आणि रहाटही नाही. ज्याने ते रचले त्याने उताराचे एक प्रचंड कोडे सोडवले होते. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात खडकातून कोरलेला मंडप आहे, दगडी हत्ती आहेत. त्याच गावी दासोपंतांनी कागद सोडून कापडावर पंचीकरण लिहिले, ती पासोडी आहे. एवढे मोठे तत्त्वज्ञान एका लांब पटावर मांडले. तोही एक नकाशाच. पाणी कुठून वळवले तर कोणाचे शेत भिजेल, एवढाच नियम घेऊन कोणी खेळ केला, तर त्यात एकही राक्षस मारावा लागणार नाही, आणि आमच्यासारख्या अवर्षणी मुलखात तो जिवावर बेतलेला खेळ वाटेल. 'राजी' करणाऱ्यांनी दाखवून दिले की हे हात आपल्याकडे आहेत. आधी इंग्रजी आणि मग हिंदी आवाज मिळालेली ही पुण्याची पोर उद्या मराठीत हाक मारील, अशीही मी आशा करतो.

असो. ह्या वर्षी पोरे येण्यापूर्वी मी माती भिजवून ठेवली आहे. मधल्या सुटीत त्या विद्यार्थ्याकडे गेलो होतो. दुकान बंद करण्याच्या वेळेला थोडा बसलो. खिशातून कागद-पेन्सिल काढली, त्याच्या गल्ल्यावर पाण्याचा पेला ठेवला, दिवा एका बाजूला ओढला आणि म्हटले, "सावली कुठं पडली ते बघ. सावकाश. मला घाई नाही." तो आधी लाजला, मग वाकून पाहू लागला. मी काही बोललो नाही. गिऱ्हाईक आले, तो उठला, परत येऊन बसला. पेला, दिवा, कागद जिथल्या तिथे होते.

किल्ल्याचे म्हणाल, तर ह्या खेपेला त्याला आरपार भुयार करायचे ठरवले आहे. मधे एक वळण, एक फसवी वाट, आणि पलीकडे तोंड. भाचीला आतून गोटी सोडायची आहे. ती पलीकडे कुठून निघेल, हे तिला मी सांगणार नाही.